कयाकमधून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा कयाकवर: खडकाळ किनाऱ्यावरच्या पहिल्या सफरीसाठी

कयाक, म्हणजे एका-दोघांची छोटी होडी, वल्हवणे अर्ध्या तासात जमते. मास्क लावून, नळी तोंडात धरून पाण्यावर पालथे तरंगणे, म्हणजे स्नॉर्कलिंग, त्याहूनही लवकर जमते. नवख्या माणसाची तारांबळ उडते ती या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे डुलणाऱ्या कयाकवरून पाण्यात उतरताना आणि विशेषतः पोहून दमल्यानंतर पुन्हा तिच्यावर चढताना. खडकाळ किनाऱ्यावर हा टप्पा अधिक नाजूक होतो, कारण तिथले पाणी एका जागी थांबत नाही आणि तोल गेला तर खाली मऊ वाळू नसते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मी याच टप्प्याला दिली आहे. बाकीची माहिती त्याची पूर्वतयारी म्हणून वाचावी.

लेख गाईडबरोबर जाणाऱ्यांसाठी आहे. पहिल्याच वेळी एकट्याने किंवा दोघा-तिघा हौशी मित्रांनी मिळून जाण्याचा बेत असेल, तर तो बाजूला ठेवावा.

सफर ठरवताना विचारायचे प्रश्न

सफरीसाठी नाव नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. एका गाईडमागे किती जण असतील, कयाक कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या परिस्थितीत सफर रद्द केली जाते. यातला तिसरा प्रश्न सर्वांत बोलका आहे. वाऱ्याचा अमुक वेग झाला किंवा लाटा अमुक दिशेने आल्या तर आम्ही निघत नाही, असे नेमके उत्तर ज्याच्याकडे तयार असते, त्याने समुद्राचा विचार केलेला असतो. ‘आमची सफर कधीच रद्द होत नाही’ हे उत्तर जाहिरातीत शोभते, पण ते ऐकल्यावर मी दुसरा गाईड शोधतो. गाईडमागे सहा ते आठ जण ही नवख्यांसाठी वरची मर्यादा मानावी आणि पाण्यात उतरायचे असेल, तर एक प्रशिक्षित माणूस वर कयाकमध्ये आणि एक पाण्यात, अशी जोडी असणे उत्तम.

कयाकचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. बंद कयाकमध्ये कमरेखालचा भाग आत जातो. ती लांब, अरुंद आणि वेगवान असते, पण पाण्यातून पुन्हा आत शिरण्यासाठी सराव आणि सहसा दुसऱ्याची मदत लागते. उघड्या कयाकवर माणूस वरच्या खोलगट बैठकीत बसतो. तिच्या तळातून आरपार गेलेली भोके असतात आणि वर आलेले पाणी त्यांतून आपोआप निथळून जाते. ती उलटली तरी आत पाणी साचत नाही. सरळ करून पुन्हा चढता येते. स्नॉर्कलिंगची जोड असलेल्या सफरीसाठी ही उघडी कयाकच घ्यावी, मग ती दिसायला कितीही बोजड असो.

आपल्या प्रकृतीविषयी गाईडला खरे सांगावे. दमा, हृदयविकार, फिट येणे, अलीकडची शस्त्रक्रिया, खांदा निखळण्याची सवय, गरोदरपण, यांतले काहीही असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साधी सर्दी असली तरी वल्हवता येईल, परंतु बुडी मारता येणार नाही, कारण नाक चोंदलेले असताना कानातला दाब जुळवता येत नाही. पोहता येत नसेल तर तेही लपवू नये. लाइफ जॅकेट माणसाला तरंगते ठेवते, घाबरण्यापासून वाचवत नाही.

भरती, वारा आणि दुरून येणाऱ्या लाटा

वेळ गाईडच ठरवतो, तरी तो ती कशावरून ठरवतो हे कळले तर सफरीतल्या त्याच्या सूचना उलगडतात. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. पाणी जितके जास्त चढायचे-उतरायचे, तितका प्रवाह जोराचा. म्हणून पहिल्या सफरीसाठी भांगाचे दिवस सोयीचे.

भरतीचे सहा तास सारख्या वेगाने भरत नाहीत. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या हिश्शाचा ठोकताळा वापरतात: पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा हिश्शांपैकी १ हिस्सा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. समजा पाणी एकूण ३ मीटर चढणार आहे, तर पहिल्या तासात ते जेमतेम २५ सेंटीमीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५ सेंटीमीटर. सर्वसाधारणपणे प्रवाहाचा जोर मधल्या दोन तासांत जास्तीत जास्त असतो आणि भरती-ओहोटीच्या टोकांना पाणी काही काळ जवळजवळ थांबते. पाण्यात उतरायचे ते बहुधा या थांबलेल्या वेळेच्या आसपास. बऱ्याच ठिकाणी भरतीच्या टोकाला खुल्या समुद्राचे पाणी आत आल्यामुळे तळही अधिक स्वच्छ दिसतो.

वारा हा कयाकचा खरा मालक. ताशी १२ ते १९ किलोमीटर वारा म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनातली ३ क्रमांकाची पायरी. या वाऱ्यात लाटांचे माथे कुठे कुठे फुटून पांढरे होऊ लागतात. ४ क्रमांकात, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, पांढरे माथे सगळीकडे दिसू लागतात आणि नवख्याला कयाक सरळ ठेवणेही जड जाते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा विशेष फसवा, कारण त्यात किनाऱ्याजवळचे पाणी शांत, तुकतुकीत दिसते आणि कड्याचा आडोसा सुटताच वारा कयाकला बाहेर ढकलू लागतो. उन्हाळी दिवसांत जमीन तापल्यावर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. चांगल्या सफरी पहाटेनंतर लगेच निघतात त्याचे कारण हेच आहे; सूर्योदयाचे फोटो ही वरकमाई.

तिसरी गोष्ट दूरच्या वादळांतून जन्मून शेकडो किलोमीटर प्रवास करत येणाऱ्या लांब लाटांची, ज्यांना स्वेल म्हणतात. स्वेलची केवळ उंची पाहून अंदाज बांधू नये, दोन लाटांमधले अंतर किती सेकंदांचे आहे तेही पाहावे. दर ५ सेकंदांनी येणारी एक मीटरची लाट कयाकला नुसती हलवते. दर १४ सेकंदांनी येणारी एक मीटरची लाट खोल पाण्यात जाणवतही नाही, परंतु तिच्यात कितीतरी अधिक शक्ती असते आणि उथळ खडकावर आल्यावर ती अचानक उभी राहते. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर ओढ्या-नद्यांच्या मुखाजवळचे पाणी पुढचे काही दिवस गढूळ असते. अशा वेळी वल्हवण्यापुरतीच सफर करावी.

अंगावर काय आणि बरोबर काय

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. वल्हवताना घाम येत असतो, पण पाण्यात पाऊण तास पालथे तरंगले की २५ अंश सेल्सियसच्या कोमट वाटणाऱ्या पाण्यातही हुडहुडी भरू शकते. म्हणून कपडे हवेच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडावेत. उबदार पाण्यात लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, म्हणजे रॅश गार्ड, पुरतो. वीस अंशांच्या थोडे वर असलेल्या पाण्यात २ ते ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा, ऊब धरणारा रबरी पोशाख, आणि त्याहून थंड पाण्यात ५ मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा लागतो. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, धाप लागते आणि तोंडात पाणी जाऊ शकते. अशा किनाऱ्यांवर पहिली सफर करायचीच असेल तर वेटसूटशिवाय करू नये. सुती कपडे मात्र कुठेच नकोत. ते भिजले की जड होतात आणि वाऱ्यावर अंग गार पाडतात.

पायांत पातळ, पकड असलेले पाण्याचे बूट हवेत. अनवाणी पाय किंवा निसटणाऱ्या चपला खडकांवर चालत नाहीत, कारण भरतीच्या पट्ट्यातले खडक बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटलेले छोटे कवचधारी जीव) आणि कालवांनी भरलेले असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात. डोक्याला हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, चष्म्याला दोरी. पाण्यात पालथे तरंगताना पोटऱ्या, गुडघ्यांमागचा भाग आणि मान भाजून निघते हे घरी आल्यावरच लक्षात येते. उन्हापासून बचावाचा सर्वांत चांगला उपाय कापड हाच, कारण मलमांतली काही रसायने प्रवाळांना घातक ठरतात. हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे. उघड्या राहणाऱ्या भागाला झिंक ऑक्साईडचे मलम लावावे आणि तेही पाण्यात उतरण्यापूर्वी पुरेसा वेळ आधी.

पिण्याचे पाणी माणशी किमान एक लिटर घ्यावे. पाण्यात तरंगताना शरीरावरच्या दाबामुळे आणि गारव्यामुळे हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, मूत्रपिंडांना ते पाणी जास्त झाल्याचे लक्षण वाटते आणि लघवी वाढते. त्यामुळे सगळीकडे पाणी असूनही शरीर कोरडे पडते. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे, हा सल्ला सगळे देतात आणि तो पुरत नाही एवढेच मी नम्रपणे नमूद करतो. फोन, औषधे आणि कोरडा सदरा ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, भरून तिचे तोंड किमान तीनदा गुंडाळून बंद करावे. दम्याचा पंप पिशवीत खोल न ठेवता गाईडच्या हाताशी ठेवावा.

वाळूवरची पंधरा मिनिटे

मास्क, लाइफ जॅकेट आणि वल्हे या तिन्ही गोष्टी किनाऱ्यावरच जुळवून घ्याव्यात.

मास्कचा पट्टा डोक्यामागे न टाकता तो चेहऱ्यावर नुसता टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला, तर माप बरोबर. केसांची एखादी बट किंवा दाट मिशी कडेखाली आली तर पाणी झिरपणारच. मिशीवर थोडे व्हॅसलीन लावल्यास फरक पडतो, मात्र मास्क सिलिकॉनचा हवा, कारण रबराला ते मानवत नाही. पट्टा फार आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडून ती वाढते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थोडी थुंकी चोळून विसळावी. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो घरीच साध्या टूथपेस्टने घासून काढावा, नाहीतर थुंकीचा उपाय चालत नाही. चष्मा लावणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. आधी कळवल्यास बरेच गाईड ते आणून ठेवतात.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधल्यावर दुसऱ्याला खांद्यांवर धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर सैल आहे. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. ते डोक्यावर आडवे ठेवून दोन्ही कोपरांत काटकोन होईल अशा अंतरावर पकडावे, पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे असावी, आणि पकड इतकी सैल असावी की वल्ह्यावर बोटांनी पियानो वाजवता येईल. घट्ट पकडीने अर्ध्या तासात मनगटे भरून येतात. पायटेकू अशा ठिकाणी लावावेत की गुडघे किंचित वाकलेले राहतील.

खुणाही इथेच ठरवून घ्याव्यात, कारण त्या सगळीकडे अगदी सारख्या नसतात. सर्वसाधारणपणे वल्हे उभे धरणे म्हणजे ‘माझ्याकडे या’, डोक्यावर आडवे धरणे म्हणजे ‘थांबा’, आणि एका बाजूला कलते करणे म्हणजे ‘त्या बाजूने जा’. ही खूण नेहमी सुरक्षित दिशेकडे केली जाते, धोक्याकडे कधीच नाही. शिटीचा एक आवाज लक्ष वेधण्यासाठी, तीन आवाज संकटासाठी. पाण्यातून ‘मी ठीक आहे’ सांगायचे असेल तर हाताची मूठ किंवा पंजा स्वतःच्या डोक्यावर टेकवायचा. हात हलवून दाखवायचे नाहीत. हवेत हलणारा हात म्हणजे ‘मदत हवी’.

वल्हवण्याविषयी, थोडक्यात

ताकद दंडांत नसते, धडाच्या पिळात असते. पाते पायाच्या बोटांजवळ पूर्ण बुडवावे, कमरेपासून अंग वळवत ते कुल्ह्यापर्यंत आणावे आणि तिथेच बाहेर काढावे. त्यामागे ओढत राहिल्यास कयाक नुसती वळते. वळायचे असेल तर पाते पुढून मागे मोठ्या कमानीत फिरवावे. थांबायचे असेल तर दोन्ही बाजूंना आलटून-पालटून पाते मागून पुढे ढकलावे. लाट आडवी आली तर वल्हे वर उचलू नये, उलट पाण्यातच ठेवावे, कारण पाण्यात असलेले पाते आधार देते. नवखा गट ताशी चार-पाच किलोमीटर जातो, वाऱ्याविरुद्ध त्याहून कमी. म्हणून शक्य तेव्हा जाताना वाऱ्याविरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर असा मार्ग आखतात.

दोघांच्या कयाकमध्ये पुढचा माणूस ताल देतो आणि मागचा दिशा सांभाळतो. वल्ही एकमेकांवर आपटू लागली की दोष मागच्याचा समजावा, कारण त्याला पुढचे दिसत असते.

खडकांच्या जवळ

कड्याला आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भेटते आणि दोन्ही मिळून पाणी जागच्या जागी उभे-आडवे उसळू लागते. अशा पाण्यात दिशा हरवल्यासारखी वाटते. कड्यापासून थोडे दूर गेले की ते ओसरते, म्हणून घाबरून थांबण्याऐवजी संथपणे वल्हवत बाहेर पडावे.

दुसरा धोका पाण्याखाली दडलेल्या खडकांचा. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पट खोली उरली की लाट फुटते. त्यामुळे एखाद्या बुडालेल्या खडकावरून पाच-सात मिनिटे लहान लाटा गुमान निघून जातात आणि मग मोठ्या लाटांचा जथा येताच नेमका तिथेच फेसाचा डोंगर उठतो. मोठ्या लाटा अशा जथ्याने, अधूनमधून येतात. एखाद्या चिंचोळ्या घळीत किंवा गुहेत शिरण्यापूर्वी चांगला गाईड बाहेर दहा-पंधरा मिनिटे नुसता बसून राहतो, तो विश्रांतीसाठी नव्हे. तो ‘आज आत नको’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. गुहेत शिरलेल्या लाटेला जायला वाट नसते, ती छताकडेच चढते; म्हणून तिथे हेल्मेट हवे आणि एका वेळी एकच कयाक.

कड्यावरचे रंगीत पट्टे वाचायला शिकावेत. सर्वांत वर काळपट थर, त्याखाली बार्नॅकलचा करडा पट्टा, त्याखाली बऱ्याच ठिकाणी शिंपल्यांची दाटी आणि तळाशी ओले शेवाळ, असा क्रम पुष्कळ किनाऱ्यांवर थोड्याफार फरकाने दिसतो. प्रत्येक जीव दिवसातला किती काळ पाण्याबाहेर तग धरू शकतो, त्यावर त्याची जागा ठरते. बार्नॅकलची वरची रेषा डोक्याच्या वर दिसत असेल, तर आपण आत्ता ज्या कोरड्या पायरीवर उतरण्याचा विचार करत आहोत, ती काही तासांत पाण्याखाली असेल.

कयाकवरून पाण्यात

जागा गाईड निवडतो: कड्याच्या आडोशाची, तळाशी वाळूचा तुकडा असलेली, लाटांच्या आणि होड्यांच्या वाटेपासून दूर. नांगर वाळूत टाकायचा असतो, प्रवाळावर किंवा शेवाळाच्या रानात नाही, आणि त्याची दोरी खोलीच्या कित्येक पट लांब सोडायची असते, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर रुततो. बाकीच्या कयाक नांगर टाकलेल्या कयाकला बाजूबाजूने बांधल्या की एक रुंद तराफा तयार होतो. कोणीतरी वर बसलेलेच असावे. रिकामी सुटलेली कयाक हलक्या वाऱ्यावरही पोहणाऱ्याहून वेगाने दूर जाते, आणि तिच्यामागे पोहत सुटणे ही दमछाकीची सर्वांत छोटी वाट आहे.

आता क्रम. प्रथम वल्हे दोरीने बांधावे किंवा आडव्या लवचिक पट्ट्यांखाली सरकवावे. टोपी, चष्मा, बाटली, जे काही सुटे असेल ते अडकवून टाकावे. मग बसल्या जागीच मास्क लावून नळी जागेवर आणावी. त्यानंतर दोन्ही पाय एकाच बाजूला पाण्यात सोडून आडवे बसावे आणि याच स्थितीत फिन्स, म्हणजे पोहताना पायांत घालायची लांब पाती, घालावेत. पाण्यात उतरल्यावर ते घालणे नवख्याला जमत नाही आणि एखादा फिन हमखास तळाला जातो. तराफा नसेल, तर दुसऱ्या बाजूने जोडीदाराने कयाक धरून ठेवावी. शेवटी एका हाताने मास्क चेहऱ्यावर दाबून धरावा, दुसऱ्या हाताने कयाकचा पट्टा पकडावा आणि घसरत, पाय आधी, पाण्यात जावे. उडी मारू नये. वरून दोन मीटर वाटणारा खडक प्रत्यक्षात किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, कारण पाण्यातून पाहताना तळ वर उचलल्यासारखा दिसतो आणि उलट ढवळलेल्या पाण्यात तो दिसतच नाही.

उतरायची बाजू निवडताना एकच नियम पाळावा: कयाक आणि खडक यांच्यामध्ये कधीही येऊ नये. पाण्याने भिजलेली, माणसे बसलेली कयाक लाटेबरोबर आपटली तर तिच्या आणि खडकाच्या मध्ये माणसाला जागा उरत नाही. उतरावे खुल्या पाण्याच्या बाजूने, आणि चढावेही त्याच बाजूने.

उतरल्यानंतर लगेच कुठेही निघू नये. कयाकचा पट्टा धरून, चेहरा पाण्यात घालून दहा-वीस संथ श्वास घ्यावेत. पहिले काही श्वास उथळ आणि घाईचे येतात. ते लांबून शांत होईपर्यंत हात सोडू नये. लाइफ जॅकेट घालून पालथे तरंगणे अवघडल्यासारखे होते, म्हणून काही गाईड त्याऐवजी स्नॉर्कलिंगचे पातळ, तोंडाने फुगवायचे जॅकेट देतात. काहीही न घालता उतरण्याचा पर्याय नवख्याने घेऊ नये.

पाण्यावर पालथे

जोडी ठरलेली असावी आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून पोहावे, पुढे-मागे नाही. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर तोच परत आणून सोडतो. पाय कमरेपासून, संथ हलवावेत. गुडघ्यांतून सायकल चालवल्यासारखे पाय मारल्यास नुसता फेस उडतो आणि मासे पळतात.

नळीत पाणी शिरणे ही दुर्घटना नाही, तो रोजचा प्रकार आहे. डोके वर न उचलता ‘थू’ म्हटल्यासारखा एक जोरकस झटका फुंकरीने द्यावा आणि पुढचा श्वास सावकाश घ्यावा, म्हणजे उरलेले थेंब घशात जात नाहीत. मास्कमध्ये पाणी आले तर वरची कड कपाळावर दाबून नाकाने श्वास सोडावा. हवा पाण्याला खालून बाहेर ढकलते. लांब नळी लावून खोलवर राहता येईल, असे मुलांना नेहमी वाटते. नळी ४० सेंटीमीटरच्या आसपासच असते याला कारण आहे: अर्धा-पाऊण मीटर खोलीवरही पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की वरची हवा ओढणे कठीण होते, आणि लांब नळीत आपणच सोडलेली हवा पुन्हा आत येते. धाप लागली, छाती दडपल्यासारखी वाटली किंवा एकदम थकवा आला, तर नळी तोंडातून काढावी, उताणे व्हावे आणि खूण करावी. हे ‘सरावाने जाईल’ म्हणून पुढे रेटू नये.

खडकाजवळ पाणी झोपाळ्यासारखे मागे-पुढे जाते. त्याच्याशी झगडू नये. पाणी मागे ओढत असताना थांबावे, पुढे नेत असताना पाय मारावेत, आणि खडकापासून हातभर नव्हे तर दोन-तीन शरीरलांबी अंतर ठेवावे. पाणी उथळ होऊन पोट घासेल असे वाटले, तर उभे राहण्याचा मोह टाळून आल्या वाटेने मागे फिरावे.

मास्कच्या सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, कारण प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो. म्हणून ‘एवढा’ मासा पाहिला असे सांगताना दोन हातांतले अंतर पाऊणच धरावे. रंगांचेही तसेच: पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे पाचेक मीटर खाली लाल तारामासा मातकट दिसू लागतो. एखाद्या कपारीच्या तोंडाशी फुटक्या शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा नीट रचल्यासारखा ढीग दिसला, तर तिथे थांबावे. तो बहुधा ऑक्टोपसच्या जेवणाचा उकिरडा असतो आणि घरमालक आतून आपल्याकडे पाहत असतो.

कपारीत हात घालू नये, तिथे मोरे जातीचे वामही राहतात. उबदार समुद्रांत शंकूच्या आकाराचे सुंदर शंख असतात आणि त्यांतल्या काहींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून कोणताही शंख उचलू नये. विषारी काट्यांचा स्टोनफिश मासा हुबेहूब दगडासारखा दिसतो. ‘हात लावू नका’ ही सूचना जशी जीवांच्या भल्याची, तशीच आपल्याही भल्याची आहे.

बुडी मारायची असेल तर ती दोन-तीन मीटरची, जोडीदार वरून पाहत असताना आणि एका वेळी एकाचीच. कानात ठणका दीड-दोन मीटरवरच सुरू होतो. दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे, आणि कान उघडला नाही तर वर यावे. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची युक्ती कधीही करू नये. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घेण्याची निकड त्याच वायूमुळे जाणवत असल्याने माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो.

पाण्यातून पुन्हा कयाकवर

परतण्याचा निर्णय दम असताना घ्यावा. वीस ते तीस मिनिटे पहिल्या खेपेला पुष्कळ झाली. माझ्या पहिल्या सफरीत मी पाऊण तास रमलो, कयाकजवळ आलो, शहाण्यासारखे दोन्ही फिन्स काढून वर दिले आणि मग लक्षात आले की आपल्याला वर उचलायला आता खाली काहीच नाही. तीन प्रयत्न फसल्यावर गाईडने मला जॅकेटच्या खांद्यांना धरून पोत्यासारखे ओढून घेतले.

तेव्हा फिन्स पायांतच राहू द्यावेत. बैठकीच्या जवळ, खुल्या पाण्याच्या बाजूने यावे. एक हात जवळच्या कडेवर आणि दुसरा शक्य तितका पलीकडच्या पट्ट्यावर ठेवावा. पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मागे उचलून अंग आडवे करावे; पाय कयाकखाली लोंबत राहिले तर ती अंगावर उलटते. मग जोरात पाय मारत, हातांनी कयाक आपल्याखाली ओढून घ्यायची आहे असे समजून पुढे झेपावे. अंग वर उचलायचे नसते, कयाकवर सरकवायचे असते. आधी पोट बैठकीवर येते, मग कूस बदलून बूड टेकते, आणि शेवटी पाय आत येतात. पोट, बूड, पाय, हा क्रम मनात म्हणत राहावा. बूड टेकण्याआधी पाय आत घेण्याची घाई केली की माणूस पलीकडच्या बाजूने पाण्यात जातो. फिन्स आणि मास्क नंतर, बसल्यावर काढावेत.

दोनदा न जमल्यास तिसऱ्यांदा जोर लावू नये. पट्टा धरून मिनिटभर तरंगावे आणि गाईडला मदत मागावी. त्याच्याकडे पाय अडकवून चढण्यासाठी दोरीचा फास असतो. कयाक उलटलीच तर तिच्या पोटावर झेपावून पलीकडची कड धरावी, मागे पडत ती आपल्याकडे ओढावी आणि सरळ झाल्यावर वरचाच क्रम धरावा. हे सगळे सफरीच्या सुरुवातीला, कमरेएवढ्या पाण्यात, ताजेतवाने असताना एकदा करून पाहावे. गाईडने स्वतःहून सांगितले नाही, तर आपण आग्रह धरावा.

काही बिघडलेच तर

जेलीफिशचा डंख झाल्यास ती जागा चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये, कारण त्याने त्वचेवर चिकटलेल्या न फुटलेल्या डंखपेशी फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुऊन धागे चिमट्याने काढावेत. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी, काहींवर अपायकारक ठरते, म्हणून ते गाईडच्या सांगण्यावरूनच लावावे. समुद्री अर्चिनचा (काटेरी गोळ्यासारखा दिसणारा जीव) काटा किंवा विषारी माशाचा दंश असेल, तर किनाऱ्यावर पोहोचताच तो भाग सोसवेल इतक्या गरम, जास्तीत जास्त ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवल्यास वेदना उतरते. पाण्याची ऊब न दुखणाऱ्या हाताने तपासावी. सांध्याजवळ रुतलेला काटा, श्वासाला त्रास किंवा वाढती सूज असल्यास डॉक्टर गाठावा.

पोटरीत वांब आला तर फिनचे टोक हाताने धरून आपल्याकडे ओढावे. मळमळ होऊ लागली तर खाली तळाकडे पाहणे थांबवून क्षितिजाकडे पाहावे. दात वाजू लागले, बोटांनी पट्टा सुटेना किंवा कोणी विचारलेल्याला तुटक उत्तर देऊ लागला, तर तो थंडीने गारठत आहे. त्याची सफर तिथेच संपवावी, ओले कपडे बदलून वाऱ्यापासून आडोसा द्यावा आणि शुद्ध नीट असल्यास गोड, कोमट पेय द्यावे.

परतल्यावर मास्क, नळी आणि वेटसूट गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावेत. उन्हात सिलिकॉन आणि रबर लवकर खराब होतात. बूट झटकून पाहावेत, खडकांतली लहानशी गोगलगाय किंवा खेकडा त्यांत दडून आलेला असतो. सापडल्यास तो कोरड्या वाळूत न टाकता पुन्हा पाण्याच्या काठाशी नेऊन सोडावा.